काट्यावरचे तेरा आकडे आणि घरातली इंची टेप

पत्र :

नमस्कार डॉक्टर,

मी ४६ वर्षांची, उंची ५ फूट २ इंच, सांगलीला असते. दिवाळीच्या सेलमध्ये आम्ही मोबाइलला जोडायचा वजनकाटा घेतला. वजनाबरोबर तो चरबी, स्नायू, पाणी, हाडं, पोटातली चरबी, 'बॉडी एज' असे तेरा आकडे देतो. तेव्हा माझं वजन ६८.४ किलो होतं आणि चरबी ३६.१ टक्के. मी मनावर घेतलं. रोज पाऊण तास चालते, आठवड्यातून दोनदा सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर डंबेलचे व्यायाम करते, रात्रीचा भात बंद केला. तीन महिन्यांनी वजन ६७.२ आणि चरबी ३७.३ टक्के! बॉडी एज ५७. कंबर ३७ इंचांवरून ३५ वर आली, जिना चढताना धाप लागत नाही, पण काटा म्हणतो चरबी वाढली. पूर्वी मी रात्री सगळं आवरल्यावर वजन करायचे. आता सकाळी फिरून आले की दोन ग्लास कोमट पाणी पिते आणि मग काट्यावर उभी राहते.

माझे मिस्टर ५१ वर्षांचे, ५ फूट ६ इंच, वजन ६२ किलो. काटा त्यांचं सगळं हिरव्या रंगात दाखवतो, म्हणून ते कसलीच तपासणी करत नाहीत. सासऱ्यांना मधुमेह होता. ह्यांचं पोट मात्र जरा पुढे आलंय. सासूबाईंना पेसमेकर आहे, त्याही कधी कधी काट्यावर उभ्या राहतात, चालतं ना? अ‍ॅपवर चरबी जाळणाऱ्या पावडरीची जाहिरात सारखी येते, ती घेऊ का? आणि हो, लेक दहावीत आहे. तीही दिवसातून तीन-चारदा वजन करते, हल्ली रात्री 'भूक नाही' म्हणून जेवत नाही. तिलाही डाएटची आवड लागलीय असं दिसतंय.

उत्तर :

ताई,

तुम्ही लेकीचा विषय 'आणि हो' म्हणून शेवटी टाकलात. मी तो सगळ्यात आधी घेते, कारण तुमच्या चरबीचा एखादा टक्का थांबू शकतो, तिची थाळी थांबू शकत नाही.

पंधरा-सोळाव्या वर्षी मुलींच्या अंगात चरबीचं प्रमाण वाढतं. ते वाढायलाच हवं, पाळीचं चक्र नीट बसायला ती चरबी लागते. तुमच्या काट्यातली गणितं मात्र मोठ्या माणसांसाठी बेतलेली आहेत. वाढत्या वयाच्या मुलीला तो जे टक्के दाखवतो त्यांना काडीचा अर्थ नाही, पण तिला ते परीक्षेच्या मार्कांइतके खरे वाटत असणार. दिवसातून तीन-चारदा वजन करणं आणि रात्रीचं जेवण सोडणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी त्याला आवड म्हणत नाही, काळजी करण्याजोगी सुरुवात म्हणते.

आजच काटा हॉलमधून उचला आणि तुमच्या कपाटात ठेवा. त्याचा गाजावाजा करू नका, 'तुझ्यामुळे' असं तर अजिबात म्हणू नका. अ‍ॅपमधलं तिचं प्रोफाइल काढून टाका. घरात कुणाच्याही जाडी-बारकेपणावर बोलणं बंद, स्वतःच्या सुद्धा. 'मी किती जाड झालेय' हे आईच्या तोंडून रोज ऐकणारी मुलगी स्वतःकडेही त्याच नजरेनं बघायला लागते. रात्रीचं जेवण शक्यतो सगळ्यांनी एकत्र करा, तिच्या ताटाकडे न बघता. आणि काही गोष्टींवर शांतपणे लक्ष ठेवा : पाळी लांबतेय का, चक्कर येते का, सतत थंडी वाजते का, केस गळतायत का, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाऊन बसते का. यातलं काही दिसलं, किंवा काही न दिसताही दोन-तीन आठवड्यांत ती रात्री जेवायला लागली नाही, तर तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि समुपदेशकाशी गाठ घालून द्या. दहावीची परीक्षा होऊ दे मग बघू, असं करू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. तुम्ही स्वतः फोन करून सल्ला घेतलात तरी चालेल.

आता सासूबाई. त्यांना या काट्यावर उभं राहू देऊ नका. तो पायांतून बारीकसा वीजप्रवाह सोडतो, आणि पेसमेकर असलेल्यांनी असं यंत्र वापरू नये ही सूचना त्याच्या माहितीपत्रकातही असते. आजवर उभ्या राहिल्या आणि काही झालं नाही, तर घाबरून जायचं कारण नाही, पण पुढच्या भेटीत त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. त्यांच्यासाठी साधा, फिरत्या तबकडीचा काटा आणा. त्या वयात वजनाची नोंद तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त मोलाची असते. हृदय अशक्त असलेल्या माणसाचं वजन एका दिवसात किलो-दीड किलोनं किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलं, तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते. पायाला सूज दिसायच्या आधी ते काट्यावर दिसू शकतं, आणि तेव्हा डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा असतो. उलट, काही न करता सहा महिन्यांत ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलोनं, तर 'वय झालं' म्हणून सोडून न देता कारण शोधायचं.

आता तुमचं कोडं. तुम्ही रात्रीचं आणि सकाळचं, कोमट पाण्याचं, सगळं इतकं नीट लिहिलंत की उत्तर तुमच्या पत्रातच आहे. त्यासाठी हा काटा करतो काय ते मात्र कळायला हवं.

काट्याच्या चारी कोपऱ्यांत भार ओळखणारे सेन्सर असतात. तुमच्या भारानं त्यांतला धातू अगदी किंचित वाकतो, त्यावरून वजन निघतं. हे खरंखुरं मोजमाप. मग तो तुमच्या एका तळपायातून १ मिलिअँपिअरहूनही कमी, तुम्हाला जाणवतही नाही इतका प्रवाह आत सोडतो. तो एका पायातून वर जातो, ओटीपोटाच्या खालच्या भागातून वळतो आणि दुसऱ्या पायातून परत येतो. रक्तात आणि स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे ती अडते. किती अडली, म्हणजे रोध किती, एवढंच काटा मोजतो. त्या रोधात तुमची उंची, वय, वजन आणि स्त्री की पुरुष हे घालून कंपनीचं सूत्र अंगात पाणी किती असेल याचा अंदाज करतं. चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून त्या भागाचं वजन काढतं, ते एकूण वजनातून वजा करतं आणि जे उरेल त्याला चरबी म्हणतं. झाकण न उघडता डबा हलवून आत डाळ किती उरलीय ते सांगावं, तसं हे आहे. अंदाज अगदीच चुकत नाही, पण त्यावर किराणा भरू नये.

तेरापैकी मोजलेले आकडे दोनच, वजन आणि रोध. बाकीचे अकरा त्यातून गणितानं आलेले. प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं, त्यामुळे तुम्ही मैत्रिणीच्या काट्यावर उभ्या राहिलात तर टक्के वेगळे येतील, आणि दवाखान्यातल्या हातात दांडे धरायच्या यंत्रावर आणखी वेगळे.

तुमच्याच आकड्यांचं गणित मांडून बघा. ६८.४ किलोचे ३६.१ टक्के म्हणजे २४.७ किलो चरबी. ६७.२ चे ३७.३ टक्के म्हणजे २५.१ किलो. म्हणजे काट्याचं म्हणणं असं की तीन महिने चालून, डंबेल उचलून, भात सोडून तुमची चरबी जवळजवळ अर्धा किलो वाढली आणि चरबीशिवायचा भाग दीड किलोहून जास्त घटला. त्याच वेळी कंबर मात्र दोन इंचांनी कमी झाली. हे दोन्ही एकदम खरं असणं फार अवघड आहे, आणि मला विचाराल तर मी टेपवर विश्वास ठेवीन.

झालं काय असेल? दिवसभर उभं राहून, बसून संध्याकाळपर्यंत पायांत पाणी उतरतं. हा काटा प्रामुख्यानं पायच मोजतो. ओले, भरलेले पाय वीज सहज जाऊ देतात, त्यामुळे रात्री चरबी कमी दिसते. सकाळी रात्रभर आडवं राहून पाय हलके झालेले असतात, मग तीच बाई सकाळी जास्त चरबीची दिसते. त्यात तुम्ही पाऊण तास चालून घाम गाळून येता आणि अर्धा लिटर पाणी पिऊन उभ्या राहता. ते पाणी अजून पोटात असतं, पायांत पोचलेलं नसतं. वजन अर्ध्या किलोनं वाढलं आणि रोध तेवढाच राहिला, तर सूत्राच्या हिशेबात हा जादा भार बहुतेक चरबीच्या खात्यावर पडतो. ६७ किलोच्या अंगात त्यानं चरबीचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढतो. शिवाय फेब्रुवारीची कोरडी हवा : टाचा भेगाळल्या, तळवे राठ झाले की काट्याशी संपर्क नीट होत नाही आणि रोध आणखी वाढतो. तुमच्या वाढलेल्या १.२ टक्क्यांचा हिशोब यात सहज बसतो.

पाणी किती लपंडाव खेळतं याची कल्पना नसल्यामुळे कितीतरी बायका व्यायाम सोडून देतात, म्हणून यावर जरा थांबते. पाळीच्या आधी काही दिवस अंगात पाणी धरतं आणि वजन किलोभर वर जाऊ शकतं. आदल्या रात्री लग्नात जेवलात, पापड-लोणचं, खारवलेलं खाल्लंत, की मिठामागे पाणी राहतं. उलट, एकादशीचा निर्जळी उपास केलात तर दुसऱ्या दिवशी वजन झपकन उतरलेलं दिसतं. यकृत आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तो साठा संपला की पाणीही जातं. भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात वजन उतरतं त्यातला मोठा वाटा याच पाण्याचा. नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी भरतं आणि वजन वाढल्यासारखं वाटतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. ती एका रात्रीत चढत नाही आणि उतरतही नाही. काट्यावर रातोरात जे हललं, ते जवळजवळ नेहमी पाणी, मीठ आणि पोटातला ऐवज.

'पोटातली चरबी' या आकड्याबद्दल तर माझं मत स्पष्ट आहे. प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, आतड्यांभोवतीच्या चरबीतून तो फिरतच नाही. तो आकडा वय, वजन आणि रोध यांवरून बांधलेला असतो. 'हाडं २.४ किलो' यावरून हाडं ठिसूळ आहेत की नाहीत हे अजिबात कळत नाही. पाळी जायच्या वयात ती शंका असेल तर डॉक्टर डेक्सा नावाची, हाडांची घनता मोजणारी तपासणी सांगतात. आणि 'बॉडी एज' म्हणजे तुमचं शरीर स्वस्थ बसून किती कॅलरी जाळत असेल याचा अंदाज करून तो कोणत्या वयाच्या सरासरीशी जुळतो ते बघणं. ५७ हा आकडा तुमच्या हृदयाचा, गुडघ्यांचा किंवा रक्तवाहिन्यांचा नाही. तो विसरून जा. अ‍ॅपमध्ये तो लपवायची सोय असेल तर लपवा.

मग काटा टाकून द्यायचा का? नको. तुम्हाला तो वजनासाठी उपयोगी आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आणि आंघोळीच्या आधी, फिरायला जाण्याआधी वजन करा. काटा सपाट फरशीवर, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नको. पाय कोरडे, कपडे दर वेळी साधारण तेवढेच. एका आठवड्याच्या आकड्याची आधीच्याशी तुलना करू नका, चार-सहा आठवड्यांचा उतार बघा, आणि पाळीच्या आधीचा आठवडा आधीच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. चरबीचे टक्के बघावेसे वाटले तर याच शिस्तीत, तीन महिन्यांतून एकदा. कमी-जास्त कुठल्या बाजूला झुकतंय एवढं त्यातून कळेल, आकडा खरा मानू नका.

आता टेप. शिवणकामाची साधी टेप घ्या, पण सलवारीची नाडी बांधतो तिथे लावू नका. शेवटची बरगडी कुठे संपते ते बोटानं चाचपा, कमरेचं हाड वर कुठे लागतं ते चाचपा, या दोन्हींच्या मधोमध टेप सरळ फिरवा. श्वास सहज सोडा आणि वाचा. पोट आत ओढू नका. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या जरा आत, ही मर्यादा मानतात. सोपा हिशोब हवा असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तुमची उंची ६२ इंच, म्हणजे ३१ च्या आसपास यायचंय. ३७ वरून ३५ हा मोठा पल्ला आहे, ताई. दोन इंच कंबर जाणं म्हणजे मुख्यतः पोटाची चरबी जाणं, आणि मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या दृष्टीनं सगळ्यात त्रासदायक चरबी तिथलीच. तुमचं सगळं बरोबर चाललंय, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगते.

ताकदही मोजा, कारण पन्नाशीकडे जाताना बायकांचे स्नायू गुपचूप झिजतात. हाताची घडी छातीवर घालून खुर्चीतून पाच वेळा उठून बसा आणि वेळ बघा. आशियाई लोकांसाठीच्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची कामगिरी कमी धरतात. तुम्हाला त्याहून बराच कमी वेळ लागायला हवा. सासूबाईंनाही जमेल, मात्र कुणीतरी शेजारी उभं राहून. डंबेल सोडू नका. रात्रीचा भात बंद केलात त्याला माझी हरकत नाही, पण त्या जागी काय आलं? नुसती काकडी-टोमॅटोची कोशिंबीर असेल तर स्नायूंना काही मिळत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, तुमच्यासाठी ५५ ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे एका भाकरीबरोबर चमचाभर भाजी आणि पातळ वरण असं जेवण असतं, त्यात हे भरत नाही. मटकीची उसळ वाटीभर, पिठलं, दही, अंडी, पनीर, शेंगदाण्याचं कूट, यातलं काही ना काही दोन्ही वेळेला ताटात हवं.

मिस्टरांबद्दल मला तुमच्याइतकीच, किंबहुना जास्त काळजी वाटते. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२ येतो आणि काटा हिरवा दिवा दाखवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सारखेच सडपातळ दोन पुरुष, आत दुपटीहून जास्त फरक. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही तपासली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो, पण पुण्याच्या त्या बारीक बाळांमध्ये स्नायू कमी आणि चरबी त्यामानानं टिकून होती. आपल्याकडे किडकिडीत हातपाय आणि पुढे आलेलं पोट असलेल्या माणसाला मधुमेह होतो, त्यामागे हे आहे. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि २२ असतानाही कंबर मोजावीच लागते.

तेव्हा आज रात्री त्यांच्या कमरेला टेप लावा. ३३ इंचांच्या, म्हणजे त्यांच्या उंचीच्या निम्म्याच्या, पुढे असेल तर लक्ष द्यायचं, साडेपस्तीसच्या पुढे असेल तर बोलणंच संपलं. पण आकडा काहीही आला तरी वडिलांना मधुमेह आणि वय ५१ एवढ्यावर तपासणी करायलाच हवी : उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब. एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर छान, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि पुढे म्हणजे मधुमेह. उंबरठ्यावर असताना कळलं तर चालणं आणि जेवण यांवर बरंच सावरता येतं, आणि म्हणूनच आत्ताच बघायचं. 'मला काही होत नाही' म्हणाले तर सासऱ्यांना निदान झालं तेव्हा ते किती वर्षांचे होते, एवढंच त्यांना विचारा. त्यांच्याबरोबर तुम्हीही त्याच दिवशी रक्त द्या. तुमचा बीएमआय अजून २७ आहे, त्यामुळे याच तपासण्या आणि जोडीला थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तुम्हालाही लागू. सहा महिन्यांनी हेच रिपोर्ट पुन्हा काढलेत की तुमच्या चालण्याचा हिशोब रक्तात दिसेल.

आणि ती पावडर घेऊ नका. अशा डब्यांत काय काय मिसळलेलं असतं ते लेबलवरून नेहमी कळत नाही, घरात दहावीतली मुलगी आहे, तिच्या हाती तो डबा लागता कामा नये. अ‍ॅपच्या नोटिफिकेशन बंद करून टाका.